तो डुकराचा जबडा नव्हता

विद्यार्थ्यांनो, तुम्हाला मी वर्षानुवर्षं चुकीचं शिकवलं हे आज कळलं, म्हणून लिहिते आहे.

सकाळी गणेशचा फोन आला. तुमच्यातलाच तो, आता आपल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. "मॅडम, म्युझियमची कपाटं खाली करून राह्यलो. जल्दी या."

रिक्षा करून गेले. माझ्या अक्षरात 'डुकराचा जबडा' लिहिलेला प्लास्टरचा नमुना त्याने उलटा केला. तळाला बनवणाऱ्याचीच चिठ्ठी होती: प्रोटॅपिरस. सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी, आजच्या आखूड सोंडेच्या टॅपिरचा पूर्वज मानतात. टॅपिर दिसतो डुकरासारखा, पण घराणं घोड्या-गेंड्यांचं.

"प्रॅक्टिकलला मी हेच लिहिल्तं. तुम्ही शून्य दिल्तं."

"म्हणजे तू नमुना उलटून पाहिलास?"

"पाहिला ना, बिलकुल! पण हात लावायचा न्हाई, हा नियम तुमचाच. मंग तुम्हाला तरी कसं कळणार?"

घरी आल्यापासून एका जागी बसवत नाही. खरं लिहूनही आणखी कुणाचे मार्क मी कापले? इथे खाली कमेंटमध्ये सांगा.

म्युझियममधून निघण्याआधी नवी चिठ्ठी लावून प्रोटॅपिरसचा जबडा, नग एक, एक दाढ तुटलेली, गणेशच्या हाती दिला.