हम्मादीमामाचा शेवटचा बार

माझ्या हम्मादीमामाने आपल्या पहिल्या घोडीला सासूचं नाव दिलं. सासूबाई हुरळून गेल्या. जावयाला आपल्याबद्दल केवढा आदर, असं त्या आमच्या दुक्काला मुलखातल्या सगळ्या बाजारांत सांगत फिरल्या. मग एका बुधवारी बाजारातून परतताना, मामा त्या घोडीला कुठल्या शब्दांत हाकतो ते त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. पुढच्या दोन सुग्या त्यांनी या घरचा चहा घेतला नाही. मामाच्या मते त्याच्या संसारातला तो सगळ्यात सुखाचा काळ होता.

मामा फ्रेंचांच्या घोडदळात होता. मिसरूड फुटायच्या आत वय वाढवून सांगून भरती झाला. त्याला ना कुठला मुलूख जिंकायचा होता ना नाव काढायचं होतं. त्याला घोडा हवा होता आणि घरी फक्त गाढव होतं. घोडा मिळाला, लाल झगा मिळाला. मग समुद्रापलीकडच्या लढाईत नेऊन त्यांनी घोडा काढून घेतला आणि एक तोफ बसवलेली लोखंडी गाडी हातात दिली. तोफांच्या आवाजाने कान गेले ते मामाने मनावर घेतलं नाही, पण घोड्याबद्दल फ्रेंचांना त्याने कधी माफ केलं नाही. मिळालेली पदकं रहमामामीने दृष्ट लागू नये म्हणून वासरांच्या गळ्यात बांधली.

घरातही त्याने पलटणच चालवली. सकाळी पोरं रांगेत उभी राहणार, नखं तपासली जाणार, मगच भाकरी आणि लोणी. तान्ह्या पोरांना तो मांडीवर घेऊन घोडदौडीच्या तालावर हलवायचा, त्यामुळे आमच्या घरची पोरं धक्के बसल्याशिवाय झोपत नाहीत. थोरली मुलगी फातना सासरी रडते असं कळलं तेव्हा तो घोडी घेऊन तिच्या दारात गेला. भांडला नाही, शब्द बोलला नाही, पाहुणा म्हणून ठाण मांडून बसला. घोडी त्यांचे जव खात होती, हा त्यांचं मटण खात होता, आणि कुणी काही विचारलं की कानाकडे बोट दाखवत होता. शेवटी व्याही टेकीला आला. त्याने मामाच्या डोक्याचं चुंबन घेतलं आणि यापुढे सुनेला कुणी उणा शब्द बोलणार नाही असं पुटपुटला. ते मात्र मामाला पहिल्या झटक्यात ऐकू आलं.

तिथेच आम्ही शहाणं व्हायला हवं होतं. पण म्हातारा बहिरा आहे हे आमच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं, की त्याच्यासमोर आम्ही भिंतीसमोर बोलावं तसं बोलायचो.

आमच्या गावच्या घोडेस्वार पथकाचा मुकादम मामाच. दरवर्षी सुगी आटोपली की पीराच्या जत्रेत गावोगावची पथकं दौडतात. घोडे एका रांगेत सुटतात, मुकादम हाळी देतो, आणि रिकिबीत उभं राहून सगळ्यांनी असा बार काढायचा की इतक्या बंदुकांचा मिळून आवाज एकच. एकाचा जरी मागे राहिला तरी पथकाची नाचक्की होते, आणि ज्याचा राहिला त्याच्या तर पिढ्यांची. आमच्या गावात कद्दूर नावाच्या माणसाचा बार तरुणपणी असा मागे पडला होता. त्याला उशिऱ्या म्हणायला लागले. तो कधीच मातीआड गेला, पण आजही त्याच्या नातीला मागणी घालायला आलेली माणसं वेशीवर विचारतात, उशिऱ्याचं घर कुठलं?

मामाने पीरासमोर शपथ घेतलेली होती की माझ्या पथकाचा बार तुटेपर्यंत मी घोडीवरून उतरणार नाही. आणि बार काही तुटत नव्हता. मामाची दाढी पांढरी झाली, गुडघे आखडले, त्याला घोडीवर चढवायला दोघं लागायला लागले, तरी बार आपला एकच. त्या वर्षी डॉक्टरने मामीला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की याच्या काळजात आता दम नाही, भरधाव घोड्यावरून पडला तर उठायचा नाही.

जत्रेआधीच्या शुक्रवारी मामीने कुसकुसचं ताट मध्ये ठेवलं आणि मामाच्या शेजारी बसून, त्याच्या पुढ्यात मटणाचे तुकडे सारत सारत, त्याच्याविरुद्ध कट मांडला. तिच्या समोर मी होतो आणि मीलूद होता. मीलूद म्हणजे मामाचा एकुलता मुलगा, ट्रॅक्टर चालवतो, आईच्या शब्दाबाहेर नाही.

"परवा तू बार उशिरा काढायचा," मामी म्हणाली. "शपथ सुटेल, म्हातारा उतरेल."

मीलूदचा घास हातात राहिला. "आई, मला जन्मभर उशिऱ्या म्हणतील. माझ्या पोरांनाही म्हणतील."

"म्हणू देत. मला विधवा म्हणण्यापेक्षा बरं."

मीलूदने मान खाली घालून हो म्हटलं, मीही माझी मान हलवली. मामाने भोपळ्याची फोड तोंडात टाकली आणि कुसकुसमध्ये मीठ कमी आहे म्हणून तक्रार केली.

जत्रेच्या दिवशी आम्ही नमाजाआधी करतात तशी हातपाय-तोंड धुऊन वुजू केली, पांढरे झगे चढवले, रांगेत आलो. मीलूदचा चेहरा फडक्यासारखा पांढरा झाला होता. मामा नेहमीप्रमाणे प्रत्येकाची बंदूक हातात घेऊन तपासत आला. मीलूदच्या बंदुकीपाशी जरा रेंगाळला, मुलाच्या फेट्याचा सुटलेला पदर खोचला, गालावर टिचकी मारली आणि जाऊन रांगेच्या मधोमध उभा राहिला. मला मीलूदची इतकी दया आली की मी दुसरीकडे बघितलं.

घोडे सुटले. धूळ, टापा, आणि मग मामाची हाळी. आम्ही उठलो आणि बार काढला. एकच आवाज, पीराच्या घुमटावरची कबुतरं उडवणारा. मीलूद माझ्या उजवीकडेच होता. त्याने बंदूक धरून ठेवली होती. डोळे मिटून त्याने मग चाप ओढला, आणि त्याच्या बंदुकीतून ना धूर निघाला ना आवाज.

तेवढ्यात एक बार उडाला. एकटाच.

मी वळून पाहिलं. मामाची बंदूक आभाळाकडे होती आणि त्याच्या फेट्यावरून धूर चालला होता. तंबूंपाशी बायकांनी आनंदाच्या किलकारीसाठी उघडलेली तोंडं तशीच राहिली. भर मैदानात, सगळ्या पथकांच्या देखत, मामा कुणाचा हात न धरता घोडीवरून उतरला. लंगडत मीलूदपाशी आला आणि लगाम त्याच्या हातात दिला. गर्दीतून कुणीतरी म्हणालं की म्हाताऱ्याचा हात आता चालत नाही. त्या क्षणी मला त्या माणसाचं थोबाड फोडावंसं वाटलं.

तंबूत मामी चहाची किटली घेऊन बसली होती. तिला हवं तेच झालं होतं, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. मामा टेकला, खिशात हात घातला आणि चहाच्या तबकात एक तांब्याची टोपी ठेवली, बंदुकीच्या घोड्याखाली बसवतात ती. त्याशिवाय बार उडत नाही. मीलूदने ती पाहिली आणि आपल्या बंदुकीकडे पाहिलं.

"रहमा," मामा म्हणाला, "कट शिजवायचा असेल तर माझ्या उजव्या बाजूला बसत जा. गेलाय तो उजवा कान. डावा शाबूत आहे."

मामीने पदराने तोंड पुसलं. मग नेहमीचा मानाचा 'सी' लावून म्हणाली, "पण सी हम्मादी, तुमचं एवढं नाव. आता मरेपर्यंत लोक तुम्हाला उशिऱ्या म्हणतील."

बाहेर पोरांनी ते नाव ओरडायला सुरुवातही केली होती. मामाने गरम चहाचा पेला उचलला, मीलूदकडे एकदा बघितलं आणि डाव्या कानावर हात ठेवला.

"म्हणू देत की. मला कुठे ऐकू येतंय?"