मी लावलेली रॅम

बाबांचा कॉम्प्युटर बारा-तेरा वर्षांचा होता. सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की बटण दाबून ते अंघोळीला जायचे. तरी त्यांचं त्याच्यावाचून अडायचं. निवृत्तीनंतर आमच्या वैशाली नगरच्या घरात त्यांनी एक कामच लावून घेतलं होतं. ते नोकरीला होते त्या प्लांटमधले जुने सोबती पेन्शनचे, औषधांच्या बिलांचे ऑनलाइन फॉर्म भरायला त्यांच्याकडे यायचे. बाबा चष्मा लावून एकेक अक्षर टाइप करायचे. आई चहा करायची. सकाळी दोन-तीन माणसं तरी बाहेरच्या खोलीत बसलेली असायची.

मी पुण्याला नोकरीला. दर फोनवर बाबा म्हणायचे, "लय स्लो होऊन राहिला न तो." आणि मी म्हणायचे, "बंद करून चालू करा." असं दीड वर्ष चाललं. शेवटी एकदा सुट्टीवर येताना आठ जीबीची रॅम घेऊन आले. फोनवर हे ऐकून बाबांना इतका आनंद झाला होता, की मी येण्याआधी त्यांनी कॅबिनेट उघडून आतली सगळी धूळ ब्रशनं झाडून ठेवली होती.

बाबांनी प्लांटमध्ये बत्तीस वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये काढली. लाइन बंद आहे असं कोणी कितीही सांगितलं तरी स्वतः तपासल्याशिवाय हात घालायचा नाही, हे त्यांनी मला लहानपणी इस्त्रीचा प्लग बदलायला शिकवताना सांगितलं होतं. त्या दिवशी मला दुपारी मैत्रिणीला भेटायला सिविक सेंटरच्या बाजारात जायचं होतं आणि उशीर झाला होता. बाबा टॉर्च आणायला आत गेले. कॉम्प्युटर शटडाउन केलेला होता, पण प्लग बोर्डातच होता आणि बटणही चालू. आत मदरबोर्डवर एक बारीक हिरवा दिवा जळत होता, म्हणजे करंट चालूच होता. तो मला दिसला. दोन मिनिटांचं तर काम, असं म्हणून मी रॅम खाचेत ठेवली आणि दाबली. बसली नाही. ती उलटी धरली होती, हे नंतर कळलं. मी आणखी जोर लावला. चट् असा आवाज आला, जळका वास आला आणि हिरवा दिवा विझला.

मी आधी प्लग उपसला. मग रॅम काढून नीट फिरवून बसवली. बाबा टॉर्च घेऊन आले तेव्हा त्यांना वायर जमिनीवर दिसली.

"शाब्बास," ते म्हणाले. "प्लग काढून ठेवला. याद आहे तुले."

प्लग लावून बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. बाबांनी वायर बदलून पाहिली, दुसऱ्या बोर्डात लावून पाहिली. मग खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मीच ब्रश मारला होता आत. तेच नडलं असन."

मी म्हणाले, "असू शकते."

दुसऱ्या दिवशी आम्ही तो डबा ऑटोत घालून सिविक सेंटरच्या एका दुकानात नेला. तिथल्या माणसानं बोर्ड उजेडात धरून पाहिला. "बोर्ड जल गया है अंकल. हार्ड डिस्क ठीक है. करंट चालू रखके किसी ने हाथ तो नहीं डाला?"

"नहीं, नहीं," बाबा म्हणाले. "बेटी ने प्लग निकाला था, मैंने खुद देखा. मैंने ब्रश मारा था, उसी से हुआ होगा."

त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. मी काउंटरवर ठेवलेल्या माउसांकडे पाहत राहिले.

मी त्यांना नवा कॉम्प्युटर घेऊन दिला, जुन्या फायली त्यात घालून दिल्या आणि पुण्याला परत आले. महिन्याभरानं आईचा फोन आला. "तुह्या बाबाले काय झालं, समजत नाही. मिक्सर बिघडला तं दुकानात देऊन आले. घरात कशालेच हात लावत नाहीत. म्हणतात, आता माहा हात बसत नाही. लोकांचे फॉर्म भरणंही बंद केलं. काही चुकलं तं, म्हणतात."

मी आईला म्हणाले, वय झालं आता, होतं असं.

हे बोलल्यावर मात्र माझी मलाच लाज वाटू लागली. फोनवर सांगावं असं चारदा ठरवलं आणि चारही वेळा हवापाण्याच्या गप्पा मारून फोन ठेवला. दिवाळीत घरी गेले तेव्हा बाबा अंगणात पेपर वाचत होते. मी समोर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं.

बाबांनी पेपराची घडी केली. "बोर्डावर लाइट होता?"

"हाव. हिरवा."

"तुले दिसला होता?"

"दिसला होता."

ते उठून आत गेले. संध्याकाळी मी कपड्यांच्या घड्या करत होते तेव्हा दारात येऊन उभे राहिले.

"जळाला, त्याचं काही नाही. माह्याही हातून प्लांटमध्ये मोटर जळल्या आहेत. पन त्या दुकानात मी तुह्या बाजूनं बोलून राहिलो होतो. तवा तरी कावून नाही बोलली?"

मी हातातला घडी केलेला शर्ट उलगडून पुन्हा घडी करू लागले. ते निघून गेले.

त्यानंतर हळूहळू त्यांनी घरातली कामं पुन्हा हातात घेतली. भाऊबीजेच्या दिवशीच पंख्याचा रेग्युलेटर खोलून बसले होते, ते पाहून आईला बरं वाटलं. माझ्याशीही ते पहिल्यासारखं बोलू लागले. पण फॉर्म भरायला येणारी माणसं तोवर चौकातल्या दुकानात जाऊ लागली होती. शेजारच्या गल्लीतले एक काका तेवढे परत आले. मी सुट्टीत घरी गेले की बाबा सकाळी आवरून बाहेरच्या खोलीत बसलेले दिसतात. कॉम्प्युटर चालू असतो, एका मिनिटात सुरू होतो तो आता, आणि बहुतेक दिवशी कोणी येत नाही.