कमळीच्या आज्याची हजेरी

आम्ही निवृत्त शिक्षक मंडळी जमलो, की कुणीतरी म्हणतंच, "बाई, पारध्यांच्या पोरांचं एखादं सांगा की." एखादं कुठलं! एक काढलं की मागनं चार येतात. बहात्तरच्या दुष्काळानंतर मी करकंबच्या बाजूला एका गावात प्राथमिक शाळेत होते. गावाबाहेर माळावर पारध्यांची पालं होती. शाळेत त्यांचं एकही पोर नव्हतं, आणि ते कुणाला खटकतही नव्हतं.

*

मी मागं लागले, तेव्हा ती पोरं बोलवायला हेडमास्तरांनी शिपाई दगडूला धाडलं. हा पठ्ठ्या गेला खाकी कपड्यात. लांबनं खाकी दिसताच अख्खी वस्ती रानात पसार! दगडू परत येऊन म्हणाला, "गुरुजी, तितं कुणीच न्हाय. तव्यावर भाकरी करपत हुती, तेवढी उतरवून आलो."

दुसऱ्या दिवशी तो धोतर नेसून गेला, तेव्हा कुठं आठ वर्षांची कमळी आली.

*

कमळी दारातच बसायची. आत ये म्हटलं, तर म्हणाली, "हितनं पळाया येतं."

मग मीच फळा उचलून दाराशी नेला. पुढं बसणारी पाटलांची पोरं एकदम मागं गेली. गावात कुरकुर झाली. म्हटलं, होऊ दे.

*

एकदा शाळेची घंटा गायब झाली. लगेच सुरू, पालं तपासा म्हणून! कमळी दिवसभर मान खाली घालून बसली होती. संध्याकाळी घंटा सापडली ती हेडमास्तरांच्याच घरी. चोरीला जाईल म्हणून त्यांनीच नेली होती आणि विसरले होते. मी अशी संतापले की विचारू नका! पण माणूस सच्चा. सकाळी सगळ्या शाळेसमोर त्यांनी कमळीची माफी मागितली आणि घंटा वाजवायचं काम तिलाच दिलं.

*

कमळीला सांभाळणारा म्हणजे तिचा म्हातारा आजा. एकदा तो शाळा बघायला आला, तेव्हा मी मस्टर उघडून नावं पुकारत होते. कमळीचं नाव आलं, तसा त्यानं तिचा हात धरला आणि तडक चालू लागला. आठवडाभर पोर आली नाही.

मी पालावर गेले. मग त्यानं हळूहळू सांगितलं. त्याचं लहानपण सोलापुरात, इंग्रज सरकारनं पारध्यांना गुन्हेगार ठरवून कोंडलं होतं त्या तारेच्या कुंपणात गेलं. रोज तीनदा नावं पुकारायची, वहीत डावा अंगठा उठवून घ्यायचा. ज्याचा आवाज आला नाही तो पळाला असं धरायचं, आणि मार मागं राहिलेल्यांना. त्याचा बाप त्या मारातच गेला.

मला रडू आवरेना. "बाबा, आमच्या हजेरीत कुणी मारत नाही," एवढंच कसंबसं म्हणाले. दुसऱ्या दिवशी घंटा वेळेवर वाजली.

*

थंडीच्या दिवसांत एकदा घंटा वाजलीच नाही. तरी मस्टर उघडलं, नावं घेत गेले, कमळीचं नाव घेतलं.

"हाय," दारातनं घोगरा आवाज आला.

म्हातारा उभा होता. माळावरनं पळत आला होता, धाप लागली होती.

"बाई, पोर तापानं पडलीया. पालात हाय. पळाली न्हाय."

आणि मस्टरकडं बघत त्यानं डावा अंगठा पुढं केला.