कुर्लीला सोमवार कळत नाही

१९६१ साल. सोमवारची सकाळ, मालवणजवळची कोळंबची खाडी, आणि गुडघाभर चिखलात वजनकाटा सांभाळत उभी असलेली मी... नुकतीच एम.एस्सी. झालेली, आणि आपल्याला सगळं कळतं अशी ठाम समजूत असलेली.

खाडीतल्या कुर्ल्यांवर, म्हणजे खेकड्यांवर, माझं संशोधन चालू होतं. वर्षभराची फेलोशिप होती. ती संपायच्या आत पेपर जर्नलकडे गेला नाही तर पुढचं वर्ष मिळणार नव्हतं, आणि वडिलांनी कणकवलीच्या शाळेत माझ्यासाठी नोकरी बघूनच ठेवली होती.

दर सोमवारी मी आवडाकाकींकडून एकाच मापाच्या कुर्ल्या घ्यायची, वजन करायची, महिन्याची सरासरी काढायची. काकींचा जन्म त्या खाडीत कुर्ल्या पकडण्यात गेलेला. अक्षराशी ओळख नाही, पण बिळात हात घालण्याआधीच आत काय आहे ते सांगायच्या.

माझे आकडे मात्र काहीच सांगत नव्हते. माझ्या मार्गदर्शक सरांनी पेपरचे तीन मसुदे परत केले. प्रत्येक पानावर लाल शाईत एकच प्रश्न, 'हे तुम्हांला कशावरून कळलं?' रडू यायचं हो...

शेवटी एकदा काकीच वैतागल्या. "सोमवारीच कित्या येतंस गो? कुर्लेक सोमवार कळता?"

कुर्लीला कळते ती तिथी, हे मला सुचायला हवं होतं. कारण पौर्णिमेच्या आसपास आमची आई कुर्ल्या घेतच नसे, पोकळ निघतात म्हणून. हे मला लहानपणापासून माहीत होतं! पण ते स्वयंपाकघरातलं, आणि हे सायन्स... अशी माझी अक्कल.

मग तिथीचं खरं असावं, तेच लिहिते, असं मी काकींना म्हटलं, तर त्या उखडल्याच. "माजा ऐकान लिवू नको. महिनोभर रोज ये, बघ, मगे लिव."

हात जोडावेत असं वाटलं. सर लाल शाईत तेच तर विचारत होते.

महिनाभर रोज गेले. ओहोटीची वेळ रोज पुढे सरकायची, तशी मीही. मग ग्राफ पेपरवर तारखांच्या जागी तिथी मांडल्या, एकेक ठिपका दिला... आणि अंगावर काटा आला. वर्षभर सरासरीत सपाट पडलेले आकडे अमावास्येला वर चढत होते, पौर्णिमेला खाली उतरत होते. एका खाडीतली एक कुर्ली आणि आभाळातला चंद्र, दोघं माझ्या टेबलावर एका रेघेत आलेले. बराच वेळ मला खुर्चीतून उठवेना.

कौतुक करून घ्यायला ग्राफ काकींकडे नेला. काही समजावलं नाही, नुसता समोर धरला. त्यांनी ओले हात लुगड्याला पुसले आणि ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "ही आवस... ही पुनव..." मी बघतच राहिले. ज्या बाईला स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं, ती माझा ग्राफ घडाघडा वाचत होती.

बोट एका ठिपक्यावर थांबलं. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचा, एकटाच वर गेलेला. "हो ठिपको खोटो. पुनवेक इतकी भरलेली कुर्ली आमच्या खाडयेत नाय. त्या दिसा तर मी तापान पडलेलंय. खंयसून हाडलंस?"

कानशिलं तापली. बाजारातून आणल्या होत्या... दुसऱ्याच कुठल्या तरी खाडीतल्या. एक दिवस रिकामा दिसू नये म्हणून खाडीतल्याच म्हणून नोंदवल्या होत्या. सरांनाही कळलं नव्हतं ते.

फेलोशिपचे दहा दिवस उरले होते. सांगावं तर सर म्हणणार, महिना पुन्हा मोजा. न सांगावं तर... काकींचं बोट अजून तिथेच होतं.

दुसऱ्या दिवशी सरांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी ग्राफ पुढ्यात ओढून तो ठिपका पाहिला. मग म्हणाले, "हे जसं सांगितलंत तसंच लिहा."

तसंच लिहिलं. त्या एका दिवसाच्या कुर्ल्या बाजारातल्या होत्या, म्हणून तो दिवस धरलेला नाही. इंग्रजीत जेमतेम दोन ओळी. ग्राफमध्ये तेवढी जागा मोकळी ठेवली, आणि पेपर मुदतीत पोस्टात पडला.

पुढे तो छापून आला. फेलोशिपही वाढली, कणकवलीची शाळा माझ्यापासून वाचली!

दोन तज्ज्ञांनी पेपर तपासल्याचं जर्नलच्या पत्रात लिहिलं होतं. गेली साठेक वर्षं मी मात्र ते तीन होते असंच धरत आलेय... आणि त्यांतल्या सगळ्यांत कडक तज्ज्ञाच्या हाताला खाडीचा चिखल होता.