जिंकलेल्या माणसाला अपील नसतं

आमच्या इस्लामपुरातल्या लहान मुलांच्या डॉक्टरांना काहीही विचारा, ते आधी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसायचे आणि मग म्हणायचे, "आज तरी तसं दिसत नाही." पोराला टायफॉईड आहे का विचारा, नाहीतर पोह्यांत मीठ जास्त झालंय का विचारा, उत्तर तेच. आम्ही मित्र त्यांना 'आजतरी डॉक्टर' म्हणायचो. तेही हसायचे.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. माहीत आहे त्याच्यापुढे एक शब्द जायचा नाही. दवाखान्यात हा गुण होता. ग्राहक मंचात त्यानंच घात केला, आणि त्यांचा वकील मी होतो.

डॉक्टरांवर ग्राहक मंचात दावे लागायला तेव्हा नुकती सुरुवात झाली होती. जवळच्या गावातल्या एका फौजीचा दीड वर्षाचा मुलगा चार शब्द बोलायचा. डॉक्टरांनी घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताच्या त्रिगुणी लशीचा डोस दिला, आणि पुढं हळूहळू पोराचं बोलणं गेलं, हाकेला बघेना. मुंबईत त्याला ऑटिझम म्हणून सांगितलं. आमच्या भागात तो शब्दच नवा होता. फौजीनं तक्रार केली.

डॉक्टरांनी मिरजेच्या मेडिकल कॉलेजात जाऊन मिळेल ते वाचून काढलं. लशीनं असं होतं याला कुठंच आधार नव्हता. हा विकार लक्षात येतो त्याच वयात लसही असते, एवढंच. मी त्यांना बजावलं होतं, मंचापुढं सरळ 'होत नाही' म्हणा.

सांगलीच्या मंचात समोरच्या वकिलानं विचारलं, "लशीनं कुणालाच, कधीच असं होणार नाही, हे शपथेवर सांगता?"

डॉक्टर चष्मा पुसत राहिले. म्हणाले, "कधीच नाही, असं विज्ञान बोलत नाही. आज तरी तसा पुरावा नाही."

समोर आईच्या मांडीवर पोर स्वतःचीच बोटं बघत बसलं होतं. सिद्ध करायची जबाबदारी त्यांची आहे, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. मंचानं संशयाचा फायदा पोराला दिला आणि डॉक्टरांना भरपाई द्यायला लावली. अपिलात आम्ही नक्की जिंकलो असतो, पण डॉक्टरांनी करू दिलं नाही. "त्यांना ते पोर जन्मभर सांभाळायचंय, मिळू दे," म्हणाले. मला त्यांचा राग आला होता आणि मायाही वाटली होती.

त्यांनी पोराकडं बघितलं, गावं मात्र निकालाकडं बघत होती. कोर्टानंच सांगितलंय म्हणत बाया सगळ्याच लशी टाळायला लागल्या. डॉक्टर स्कूटरवरून वस्त्यांवर जाऊन समजावायचे, लोक चहा देऊन परत पाठवायचे. पुढं गोवर आला. गेलेल्या लेकरांत फौजीची धाकटी मुलगीही होती. तिला एकही लस दिलेली नव्हती. डॉक्टर त्यानंतर खचले ते खचलेच, आणि वर्षाच्या आत गेले.

त्यांचं तेरावं झाल्यावर फौजी माझ्याकडं आला. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"वकीलसाहेब, त्यो निकाल फिरवता येतोय का?"

मी म्हटलं, तो तुमच्याच बाजूनं लागलाय. जिंकलेल्या माणसाला अपील नसतं.

"व्हय, पर गल्लीतल्या बाया अजून माझ्या पोराकडं बोट दावत्यात, लेकरांस्नी टोचू देत न्हाईत." मग खाली बघत म्हणाला, "मी खोटं बोललो, असं लिवून देऊ का?"

तो खोटं बोलला नव्हता. पोर खरंच बोलायचं थांबलं होतं.