दीडशे पातोळ्या आणि विश्रांतीचा हक्क

आमच्या डोंबिवलीतल्या ज्येष्ठ नागरिक संघाचा मी मानद हिशेबतपासनीस होतो. वय चव्वेचाळीस, म्हणजे सभासद व्हायला सोळा वर्षं बाकी. पण आकडेमोड करणारा फुकट मिळतोय म्हटल्यावर वयाचा विषय कुणी काढला नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. वर्धापनदिनाला शाळेच्या सभागृहात एका वकिलांचं व्याख्यान ठरलं. विषय, ज्येष्ठांचे हक्क. नंतर अल्पोपाहार. तो विकत आणायचा नाही, आपली खाद्यपरंपरा जपायची, असं कार्यकारिणीनं एकमतानं ठरवलं. कार्यकारिणीत नऊ जण, नऊही पुरुष. पदार्थ ठरला पातोळ्या : हळदीच्या पानावर तांदळाच्या पिठाचा थर, त्यावर गूळखोबऱ्याचं सारण, पान दुमडून उकडायचं. दीडशे नग. करणार चौघी, त्यांतली सर्वांत लहान सदुसष्ट वर्षांची. ती माझी आई.

अध्यक्ष स्वतः घरी आले. "मावशी, तुमच्या हातची चव आता कुणाला येते?"

"मी तुमच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान आहे," आई म्हणाली. "आणि मला ते व्याख्यान ऐकायचंय."

"ऐका की! पातोळ्या झाल्या की या पुढे बसायला."

तिला ते का ऐकायचं होतं, हे मला माहीत होतं. वडील गेल्यावर आमचा दोन खोल्यांचा ब्लॉक तिच्या नावावर झाला होता. तो माझ्या नावावर करायचा अर्ज मी भरून ठेवला होता. फक्त तिची सही बाकी होती. "पुढे धावपळ नको," असं मी तिला म्हणालो होतो. कुणाची धावपळ, ते सांगितलं नव्हतं. ती दर वेळी म्हणायची, "जरा विचारून बघते." कुणाला विचारणार, ते तिलाच ठाऊक नव्हतं. आता वकील येणार होते.

मी हिशेब केला. मोदकपात्रात एका वेळी अकरा, म्हणजे चौदा खेपा. दोन पात्रं धरली तरी दोन तास. व्याख्यान एक तासाचं, आणि ते संपताच पातोळ्या गरम वाढायच्या. आई पुढे जाऊन बसणं शक्यच नव्हतं. हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं. मी बोललो नाही.

सभागृहामागच्या खोलीत चौघी स्टोव्हपाशी उभ्या होत्या. भाषण संपल्याबरोबर बशा पुढे याव्यात म्हणून अध्यक्षांनी एक कर्णा तिथेही लावून घेतला होता. मी दारात बशा मोजत होतो. कर्ण्यातून वकील म्हणाले, उतारवयात माणसाला विश्रांतीचा हक्क आहे. टाळ्या झाल्या. मग म्हणाले, "मुलगा कितीही सज्जन असो, हयातीत घर त्याच्या नावावर करू नका. मृत्युपत्र करा."

तिघी माझ्याकडे बघायला लागल्या. आई पान दुमडत होती.

"एकशे बेचाळीस झाल्या," मी उगाचच म्हणालो.

"नीट मोज," आई म्हणाली.

घरी आल्यावर तिनं कोमट पाण्यात पाय सोडले. "तो अर्ज आण. यात मी मेल्यावर, असं कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं. यात लगेच होतं."

"मग राहू दे. मृत्युपत्र करते, तुझ्याच नावानं. आणि काय रे, दोन तास लागणार हे तुला कधी कळलं?"

"काल."

"वाटलंच."

पुढच्या वर्षी कार्यकारिणीनं परंपरा आणखी जपायची ठरवली : दोनशे नग. आई अध्यक्षांना म्हणाली, "मुलगा करेल. मी पहिल्या रांगेत बसणारे."

"अहो, पण त्याला येतात का?"

"तुम्हाला येत असतील तर तुम्ही करा."

माझ्या पहिल्या खेपेत अकरापैकी सात फुटल्या. प्रमाण मात्र चुकलं नव्हतं, ते आईनं लिहून दिलं होतं : दोन वाट्या खोबऱ्याला वाटीभर गूळ, वेलची, चिमूटभर मीठ. हाताशी दुसरा कागद नव्हता म्हणून त्या अर्जाच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. अर्ज अजून माझ्या कपाटात आहे. त्यावर तिच्या हातचं तेवढंच आहे.