शोकसभेतलं वायफाय

बाबांची शोकसभा भाईंदर पूर्वेला, खारी गावाजवळच्या एका तळघरातल्या हॉलमध्ये ठेवली होती. तिथे मोबाइलला रेंजच नाही, हे सकाळी खुर्च्या मांडताना कळलं. आखातात नोकरी करणारा माझा मोठा भाऊ व्हिडिओ कॉलवरून दोन शब्द बोलणार होता, आणि आईला त्या दिवशी तेवढंच हवं होतं. बाबांच्या आजारपणात दादा आला नाही, मातीलाही आला नाही. सुट्टी मिळत नाही म्हणायचा. गावची मंडळी वेगळंच काही म्हणायची. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

"एकदा सगळ्यांसमोर बोलू दे त्याला," आई म्हणाली. "म्हणजे यांची तोंडं बंद होतील."

गर्दीच्या हॉलमध्ये वायफाय चालतं ठेवणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. म्हणून मी तिला म्हटलं, काळजी करू नकोस.

हॉलचा मॅनेजर छाती फुगवून म्हणाला, "चार राउटर लगाये हैं साहब, सब फुल पे." दुखणं तेच होतं. वायफायला हवा एकच असते. जवळजवळचे राउटर एकाच चॅनेलवर असले की एक बोलेपर्यंत बाकीच्यांनी गप्प बसायचं, आणि दोघं एकदम बोलले तर दोघांनाही पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. एका नळावर चार बायकांनी हंडे लावले म्हणून पाणी वाढत नाही. थेट केबल टाकावी तर नेटच्या पेटीची चावी मालकाकडे, आणि मालक घोडबंदरला. शेवटी मॅनेजरच्या मोबाइलवरून सेटिंग उघडली, दोन राउटर बंद केले, उरलेल्या दोघांना वेगवेगळे चॅनेल दिले आणि त्यांची ताकद उतरवली. मी हॉल लुटायला आलोय अशा नजरेने तो बघत होता.

रिकाम्या हॉलमध्ये दादा पडद्यावर लख्ख दिसला. मग माणसं आली. पासवर्ड भिंतीवरच लिहिलेला होता. वंदना झाली, भाषणं सुरू झाली आणि अर्धा हॉल मोबाइल उंच धरून कोकणातल्या नातेवाइकांना कार्यक्रम दाखवू लागला. दादाच्या चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले. आवाज तुटत होता. मी माइक घेतला.

"माझा मोठा भाऊ आखातातून बोलतोय. पाच मिनिटं सगळ्यांनी आपापलं वायफाय बंद करा."

"गावाला दाखवतोय ना आम्ही," काका कुरकुरले. पण बाबांना मान होता. सगळ्यांनी बंद केलं, काकांनीही केलं.

चित्र एकदम स्वच्छ झालं. "बाबा," दादा म्हणाला आणि थांबला. तोंड अर्धवट उघडं, डोळे आमच्याकडे लागलेले.

"अडकला वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं.

मी लॅपटॉपवर पाहिलं. कॉल ठणठणीत होता. दादाच्या मागचा पंखा फिरत होता. त्याला बोलताच येत नव्हतं. आई पहिल्या रांगेत पदर मुठीत धरून बसली होती. मग दादाची हनुवटी थरथरायला लागली. आणखी थोडा वेळ गेला असता तर अख्ख्या हॉलला कळलं असतं. मला त्याचा भयंकर राग आला. इतकी वर्षं मी इथे बाबांचं सगळं केलं, आणि याला दोन शब्द जड झाले. कीवही तेवढीच आली. मी कॉल तोडला.

"नेटवर्क गेलं," मी माइकवर सांगितलं.

"दुनियेला नेटवर्क देतो, आणि घरी दिव्याखाली अंधार," काका म्हणाले. दोघेतिघे हसले. जेवणं वाढताना आई प्रत्येकाला सांगत होती, "पोरगा बोलायलाच बसला होता हो. नेटनेच घात केला." माझ्याकडे ती बघतही नव्हती.

दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला.

"काय रे, तुझ्याकडचं नेट फारच भंगार होतं. मी एवढं बोललो बाबांबद्दल, कुणाला काही ऐकूच गेलं नसेल."

"हो रे दादा. गर्दी खूप होती."

"आईला तरी सांग मी काय बोललो ते."

काय बोलला ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. फोन ठेवला, आईजवळ जाऊन बसलो आणि दादाचं भाषण तिला सांगायला लागलो.